पायाळू विहीणबाईंस

नागपूर,
रविवार, ५ एप्रिल १९६४

सौ. विहीणबाई जयवंताबाई यांस,
प्रेमिलाचा सप्रेम जयभीम.

आपले पत्र पोहोचले. तिळाच्या तेलाने आपल्या गुडघ्यांना आराम पडला हे वाचून समाधान वाटले. व्याह्यांचा खोकला आता बरा असेल. जबलपूरचे पाणी त्यांना मानवत नाही असे आपण लिहिता, पण ते तीस वर्षे तेच पाणी पीत आहेत, तेव्हा दोष तंबाखूचा असावा असे माझे नम्र मत आहे. जावईबापू वेळेवर जेवत असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. आपली सून शोभा मजेत आहे.

(एवढं विहिणीला. मुलाच्या आईला मान दिल्याशिवाय पत्र सुरू करायचं नसतं असं आमच्या ह्यांचं, म्हणजे मास्तरांचं, म्हणणं, म्हणून वरच्या ओळी त्यांच्या देखरेखीखाली लिहिल्या. ते आता पिशवी घेऊन भाजीला गेले आहेत. यापुढचं सगळं माझ्या जयवंतेला, जिनं बोर्डिंगमध्ये माझी उशी चोरली आणि अजून परत केलेली नाही.)

जयवंते, एकावन्नाव्या वर्षी मी विद्यार्थिनी झाले आहे. शोभानं तुला थोडं सांगितलं असेल, पण ती सांगते तेव्हा हसते, आणि हसण्यासारखं यात काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या सूतिकागृहाच्या कमिटीचा ठराव आला की पासष्ट सालच्या पहिल्या जानेवारीपासून मुख्य डॉक्टर एम.बी.बी.एस. असला पाहिजे. आपल्या वेळची माझी पदवी चार वर्षांची, परवान्याची. त्या परवान्यावर मी अठ्ठावीस वर्षं बाळंतपणं केली, आणि ठरावावर सह्या करणाऱ्या सात जणांपैकी दोघांच्या नाळा मीच कापल्या आहेत. पण कागद कागद असतो. आमच्यासारख्या जुन्या परवानेवाल्यांसाठी छोटा अभ्यासक्रम आहे, तो करून परीक्षा द्यायची. पास झाले तर माझी खुर्ची माझी. नापास झाले तर खुर्चीवर डॉ. रविंद्र बसणार, आणि मी त्यांच्या हाताखाली स्टुलावर. हे डॉ. रविंद्र अठ्ठावीस वर्षांचे आहेत. म्हणजे मी ज्या वर्षी कामाला लागले त्याच वर्षी ते जगात आले. वर्षभरापासून ते माझे मदतनीस आहेत, आणि मी त्यांच्यात रोज दोष शोधते. अजून फारसं काही सापडलेलं नाही. (चहा बशीत ओतून पितात. पण ते तर मास्तरही पितात.)

अभ्यासाचं सगळं मास्तरांनी अंगावर घेतलं. हेडमास्तरकीतून रिटायर झाल्यापासून त्यांना घंटा वाजवायला काही नव्हतं, तर त्यांनी मला पकडलं. भिंतीवर वेळापत्रक आहे. सकाळी सहा ते सात शरीरक्रिया, सात ते साडेसात स्वयंपाक (हा त्यांचा तास, माझा नाही), मग दवाखाना, दुपारी औषधशास्त्र, संध्याकाळी तोंडी प्रश्न. जयवंते, त्या माणसानं आयुष्यात इतिहास-भूगोल शिकवला. पुस्तकातली लॅटिन नावं ते अशी वाचतात की एखादा रोग आहे की अकबराचा सरदार ते कळू नये. उत्तर चुकलं की म्हणतात, "दहा वेळा लिही." मी म्हटलं, अहो, मी हा रोग रोज बघते. तर म्हणाले, "बघतेस, पण व्याख्या येत नाही." त्यांच्या वरणाचंही तसंच आहे. व्याख्या येते.

आपल्या सिस्टर ॲग्नेसची मला रोज आठवण येते. मी पेन दातात धरलं की अजूनही वाटतं, मागून येऊन बोटांवर पट्टी मारतील. त्या बोर्डिंगमध्ये आल्या तेव्हा आपण दोघीच तिथे आपल्या वस्तीतल्या. बाकीच्या मुलींनी ताटं सरकवून घेतली, तर सिस्टरनं स्वतःचं ताट आणून आपल्या दोघींच्या मधे ठेवलं आणि त्या दिवसापासून त्या आयरिश बाईनं आपण तिथे असेपर्यंत आपल्याबरोबर तिखट वरण खाल्लं. आणि तुला तो वीज कडाडलेला दिवस आठवतो का? तू पायाळू, पायांकडून जन्मलेली, म्हणजे वीज तुलाच शोधत येणार हे सगळ्या बोर्डिंगला ठाऊक. ढग गडगडला की जेवणाच्या मोठ्या टेबलाखाली तुला ढकलायचं आणि आपण सगळ्यांनी लांब पळायचं. त्या दिवशी मी पळाले नाही, तुझ्याजवळ टेबलाखाली बसले. (शौर्य नव्हतं. तुझ्या खिशात गुळाचा खडा होता.) सिस्टरनं प्रगतिपुस्तकात लिहिलं, "जयवंता विजेला फार घाबरते." खरं म्हणजे वीज सोडून बाकी सगळे तुला घाबरत होते.

असो. लेखी परीक्षा झाली. एक प्रश्न होता की बाळंतिणीला एकदम रक्तस्राव सुरू झाला तर पहिल्या तासात काय कराल. पुस्तकातलं उत्तर अडीच ओळींचं आहे, आणि त्यातली शेवटची ओळ अशी की ताबडतोब इस्पितळात हलवावे. मला कळमेश्वरच्या पलीकडचं ते पाटलाचं घर आठवलं. सदतीस साल, बैलगाडीनं चार तास. तिथून हलवायचं कुठे? इस्पितळ म्हणून जे काही होतं ते मीच होते, आणि माझी एक पेटी. मी मागच्या दारानं आत गेले, बाई वाचली, मूल वाचलं, आणि मी गाडीत बसायच्या आत त्यांनी अंगण धुवायला काढलं. अंगण धुता येतं. मूल धुऊन माझा हात त्याच्यावरून काढता येत नाही, याचा मला तेव्हाही आनंद झाला होता. हे सगळं मी पेपरात लिहिलं. नऊ पानं. बैलांचा रंगसुद्धा. मी घरी येऊन सांगितल्यावर मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "प्रश्न पाच मार्कांचा होता."

पण खरी फजिती झाली गेल्या गुरुवारी, रोग्याच्या प्रात्यक्षिकात. तुला ही पद्धत ठाऊक नसेल. परीक्षेच्या दिवसांत वॉर्डात काही ठरावीक रोगी बोलावून ठेवतात, ज्यांचं दुखणं जुनं, ठसठशीत आणि जीवावर न बेतणारं असतं. उमेदवारानं तासभर तपासायचं आणि मग परीक्षकाला सांगायचं, हा अमुक रोग. वर्षानुवर्षं येऊन हे रोगी इतके तयार होतात की उमेदवार त्यांना हळूच विचारतात आणि ते हळूच सांगतात. मुलं याला मदत म्हणतात. सिस्टर ॲग्नेस याला काय म्हणाल्या असत्या ते तुला ठाऊक आहे. तेव्हा मी मनाशी ठरवूनच गेले होते की रोगी काही सांगायला लागला तर कानांवर हात ठेवायचे.

सात नंबरच्या खाटेवर इंदूबाई. आपल्या वस्तीतलीच. तिची पाचही बाळंतपणं मी केलेली. मला बघून ती उठूनच बसली.

"अवं माय! बाई, तुमी? तुमी परीक्षा देऊन राहिल्या? काहून?"

मी म्हटलं, इंदूबाई, गप्प पडून राहा, मला काही सांगू नकोस.

"सांगत नाही जी. पण आधी उजव्या बाजूनं उभ्या राहा. तो चष्मेवाला साहेब पहिले तेच पाह्यते."

मी उजव्या बाजूला गेले. (ते मला ठाऊक होतंच, पण घाबरल्यामुळे डावीकडे उभी राहिले होते.) नळी कानाला लावली, आणि जयवंते, काही ऐकू येईना. माझ्याच छातीची धडधड इतकी होती की इंदूबाईची कुठली आणि माझी कुठली ते कळेना. अठ्ठावीस वर्षं मी ही नळी वापरते. इंदूबाई छताकडे बघत, ओठ न हलवता म्हणाली, "अजून खाली. मांजर तिथंच हाय."

मी म्हटलं, बोलू नकोस म्हटलं ना!

"मी बोलूनच नाही राहिली. मी मांजराले बोलावून राहिली."

तेवढ्यात चष्मेवाले परीक्षक मागे येऊन उभे राहिले आणि विचारलं की काय सापडलं. मी तोंड उघडलं आणि व्याख्या, नाव, लॅटिन, अकबराचे सगळे सरदार, सगळे पळून गेले. तेव्हा इंदूबाईला राहवलं नाही. ती परीक्षकांना सरळ म्हणाली, "अजी साहेब, यायले काय विचारता? माह्या छातीत हे मांजर घुरघुरते ना, हे यायनंच तर मले सांगतलं! तिसऱ्या पोराच्या टायमाले. म्हने इंदू, तुह्या डाव्या बाजूची झडप आखडली, आता पाणी भराले जाऊ नको. तेच तर मी अकरा साल झाले समद्या पोरायले सांगून राहिली!"

मग मला सगळं आठवलं. त्रेपन्न साल, तिचा तिसरा, मी तिच्या छातीवर हात ठेवला आणि तिला समजावं म्हणून म्हटलं की इथे मांजर घुरघुरल्यासारखं लागतं बघ. म्हणजे अकरा वर्षं या कॉलेजातून जी मुलं इंदूबाईच्या खाटेवरून पास होऊन एम.बी.बी.एस. झाली, ती सगळी माझ्या निदानावर. मी मात्र अजून नाही. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि इंदूबाईला विचारलं की गेल्या पाच वर्षांत किती जणांना सांगितलंस. ती म्हणाली, "ज्यानं नीट विचारलं त्याले. तुमचा तो रविंद्र डॉक्टर होता ना, लई गुणी. त्यानं विचारलंच नाही. आपल्याच हातानं शोधलं." हे मला अजिबात ऐकायचं नव्हतं. मार्क किती दिले माहीत नाही. निघताना परीक्षक एवढंच म्हणाले, "बाई, मांजर अजून तिथेच आहे का?" मी हात ठेवला. होतं. म्हटलं, आहे.

आता राहिली एकच, प्रसूतिशास्त्राची तोंडी आणि प्रात्यक्षिक, बुधवार पंधरा तारखेला सकाळी दहाला. चौदाला जयंतीची मिरवणूक, वस्तीत कोणी झोपणार नाही, आणि पंधराला मी परीक्षेत. शोभाचे दिवसही त्याच सुमाराला भरतात. काय हा योगायोग, असं सगळे हळहळतात. मास्तर हळहळतात, भीमाबाई (आमच्या सूतिकागृहातली जुनी दाई, तुला आठवत असेल, तिच्या हातचा ठेचा तू डब्यात घालून नेला होतास) हळहळते. मीही सगळ्यांबरोबर हळहळते.

शोभाचा मात्र मला अभ्यासात फार उपयोग झाला. मधे एकदा संध्याकाळी ती सतरंजीवर पडली, मास्तर पडद्याआड पुस्तक घेऊन बसले, आणि ते एकेक पायरी वाचत गेले तशी मी तिच्या पोटावर हात ठेवून तपासत गेले. "पहिली पायरी. दोन्ही हातांनी वरचा भाग चाचपावा." मी चाचपला. "काय लागते ते सांगावे." तेवढ्यात दूध उतू गेलं म्हणून अभ्यास तिथेच थांबवावा लागला. शोभा मजेत आहे. डाळीची भाजी मागून खाते, आणि तुझ्या हातच्या मेथीच्या लाडवांची आठवण काढते.

मास्तर आले. भेंडी आणली आहे, जून आहे. पुरे करते. तुझा मान-पान बाराव्या दिवशी, बारशाला. निकाल नंतर लागेल, मी एम.बी.बी.एस. होईन किंवा स्टुलावर बसेन. दोन्हीत तुला लुगडं मिळेल.

तुझी,
प्रेमिला

ता. क. – मेथीचे लाडू पार्सलनं पाठवू नकोस. पोस्टात चुरा होतो.

ता. क. २ – दूध उतू गेलं नव्हतं. दूध त्या वेळी घरात नव्हतंच. माझ्या हाताखाली, वरच्या बाजूला, बरगड्यांशी, गोल, कडक डोकं लागलं. मास्तर पडद्याआडून म्हणत होते, "सांगावे." बाळ पायाळू आहे, जयवंते. तुझ्यासारखं. डॉ. रविंद्रांनी एकदा हलक्या हातानं फिरवून पाहिलं, तर रात्रीतून परत आपल्या जागी येऊन बसलं. हट्टीपणाही तुझाच. शोभाला ठाऊक आहे आणि ती घाबरलेली नाही. म्हणते, सासूबाई पायाळू आहेत, त्यांचं काय बिघडलं.

ता. क. ३ – आणखी एक खोटं वर आहे, आणि सिस्टर ॲग्नेसच्या धाकानं ते खोडायला हवं. योगायोग नव्हता. फॉर्मवर दोन रकाने होते, एप्रिल आणि ऑक्टोबर. ऑक्टोबरचा निकाल डिसेंबरात लागतो, म्हणजे तेव्हा बसले असते तरी खुर्ची वाचली असती. दिवस कधी भरतात ते कळवणारं शोभाचं पत्र आलं जानेवारीच्या आठ तारखेला. मी नऊ तारखेला फॉर्मवर एप्रिलपुढे खूण केली. त्या दिवशी मी कुठेतरी दुसरीकडे असावं, आणि तसं असायला मला कागद असावा, म्हणून. दुसऱ्यांच्या लेकींची हजारो केली. हिच्या पोटाला मी सातव्या महिन्यात ती आल्यापासून हातही लावला नव्हता. त्या संध्याकाळी मास्तरांनी पुस्तक उघडलं म्हणून लावला. का ते तुला सांगायला नको. अडतीस साली माझ्या पहिल्याच्या वेळी तूच माझा हात धरून बसली होतीस. तोही पायाळू होता. ती सुईण वाईट नव्हती, तिनं फक्त घाई केली, आणि तो गेला. मला नियम पाठ होता की बाळ बेंबीपर्यंत आपोआप येऊ द्यावं, हात लावू नये, ओढू नये. पण माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पंधरा तारखेला तोंडीत हाच प्रश्न येणार असं सगळी मुलं सांगतात.

ता. क. ४ – बाळंतपण डॉ. रविंद्र करतील. मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही असताना मी?" मी म्हटलं, मी असताना नाही, मी नसताना. भीमाबाई सोबत असेल. ती मला म्हणाली, "त्या पोराच्या हाताले घाई नाही, बाई. तुमच्या हाताले त्या दिवशी राहील." वर्षभर मी ज्याच्यात दोष शोधते आहे त्याच्या हातात लेक देते आहे, तेव्हा परीक्षेत काहीही होवो, खुर्चीचं मला आता तितकंसं वाटत नाही. (हेही थोडं खोटं आहे. वाटतं.)

ता. क. ५ – तेव्हा खरं पत्र आता. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला मुलाकडची कधी येत नाही हे मला ठाऊक आहे. बाराव्या दिवशी मानानं यायचं, पाट, लुगडं, सगळं. ते सोडून तू आधीच ये, आणि कामाला ये. इटारसीला गाडी बदलताना घाई करू नकोस, तुझे गुडघे. तेराला सकाळी मास्तर स्टेशनवर असतील. येऊन शोभाचा हात धरून बस, माझा धरला होतास तसा. ती ओरडली तरी सोडू नकोस. आणि मी परीक्षा सोडून पळत आले, तर आतून कडी लाव. मी किती वाजवली तरी उघडू नकोस. माझे हात त्या दिवशी कॉलेजातच बरे.

ता. क. ६ – गेले दोन दिवस संध्याकाळी पश्चिमेला ढग येतात आणि गडगडतात. आमच्या घरात टेबल एकच, ज्यावर मी हे लिहिते आहे. चांगलं सागवानी आहे. त्याच्याखाली अभ्यासाच्या पुस्तकांचे गठ्ठे आहेत, ते पंधराच्या संध्याकाळी काढून टाकते. या वेळी खाली दोन पायाळू बसतील, आणि मी. गूळ तू आण.